मुलाची देखभाल आणि सरकारी पगार: कॅलिफोर्नियातल्या पालकांसाठी आयएचएसएसची वाटचाल

कॅलिफोर्नियात विशेष गरजा असलेलं मूल वाढवणाऱ्या मराठी आईबाबांना ही बातमी बहुतेक वेळा थेरपीच्या वेटिंग रूममध्ये कळते. शेजारी बसलेली दुसरी आई सहज सांगून जाते की मुलाला सांभाळायचे तिला तासाप्रमाणे पैसे मिळतात, आणि तेही सरकारकडून. ऐकणारा लगेच म्हणतो, "आपला पगार बघून दारातूनच परत पाठवतील." घरी गेल्यावर दुसरा प्रश्न डोकं वर काढतो: पोटच्या पोराला सांभाळायचे पैसे घ्यायचे का?

पगाराच्या शंकेचं उत्तर पुढे सविस्तर येईल. पैसे घेण्याबद्दलचं आधी सांगते. या योजनेचं नाव इन-होम सपोर्टिव्ह सर्व्हिसेस, सगळे आयएचएसएस म्हणतात. अपंग किंवा वयस्कर व्यक्तीला संस्थेत न ठेवता स्वतःच्या घरी राहता यावं म्हणून ती आहे. संस्थेत ठेवलं असतं तर सरकारला कितीतरी जास्त खर्च आला असता. शिवाय त्याच वयाच्या इतर मुलांना जेवढं बघावं लागतं तेवढ्याचे पैसे मिळतच नाहीत, त्यापलीकडच्या कामाचे मिळतात. दोन वर्षांच्या बाळाचे डायपर बदलण्याचा हिशोब होत नाही, नऊ वर्षांच्या मुलाचे बदलण्याचा होतो. हे पटलं तर पुढे वाचा. नसलं तरी वाचा, कारण मंजूर झालेले तास मुलाच्या नावाचे असतात, तुमच्या नावाचे नाहीत.

रचना थोडक्यात अशी. किती तास द्यायचे ते काउंटी ठरवते, पगार राज्याकडून येतो आणि कामावर ठेवणारा मालक म्हणजे तुमचं मूल. अल्पवयीन मुलाच्या वतीने पालक निर्णय घेतात. तासाचा दर प्रत्येक काउंटीत वेगळा असतो, पण राज्याच्या किमान वेतनाहून कमी नसतो.

सगळ्यात आधी व्हिसा बघा

इतर वाटाड्यांमध्ये हा मुद्दा शेवटी येतो, आपल्या लोकांसाठी तो पहिला हवा. आयएचएसएसचं काम ही नोकरी आहे आणि तिला अमेरिकेत काम करायची परवानगी लागते. एच-१बीवर असलेली व्यक्ती आपल्या कंपनीखेरीज दुसरीकडे काम करू शकत नाही, म्हणून ती प्रोव्हायडर, म्हणजे पगार घेऊन मुलाला सांभाळणारी व्यक्ती, होऊ शकत नाही. एच-४वरच्या, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या, आईकडे ईएडी (कामाचा परवाना) नसेल तर तिलाही चालत नाही. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीला तर नाहीच. ग्रीन कार्ड, नागरिकत्व किंवा चालू ईएडी असेल तर अडचण नाही.

मूल इथे जन्मलेलं, म्हणजे नागरिक, आणि दोन्ही पालकांना कामाची परवानगी नाही, अशी घरं आपल्यात बरीच आहेत. मूल पात्र असेल तर तास मंजूर होऊ शकतात, पण ते काम बाहेरच्या माणसाला द्यावं लागतं.  अशा वेळी अर्जाआधी काउंटीशी बोला. ग्रीन कार्डची प्रक्रिया चालू असेल तर इमिग्रेशनच्या वकिलालाही एकदा विचारा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिळालेल्या उत्तरावर विसंबू नका.

रिजनल सेंटरचं दार

आता पगाराची शंका. आयएचएसएससाठी मुलाला मेडी-कॅल, म्हणजे राज्याचा सरकारी आरोग्य विमा, असावा लागतो आणि मेडी-कॅल उत्पन्न बघतं. दोघंही टेकमध्ये असलेल्या घराला ते सरळ मार्गाने मिळणार नाही. पण आडमार्ग आहे, तो पूर्ण कायदेशीर आहे आणि रिजनल सेंटरमधून जातो.

रिजनल सेंटर म्हणजे विकासात्मक अपंगत्व असलेल्यांना सेवा मिळवून देणारी संस्था. राज्यात अशा २१ आहेत. १९६९ च्या लँटरमन कायद्यातून ही व्यवस्था उभी राहिली. सँटा क्लारा काउंटीत राहत असाल तर सॅन अँड्रियास, अ‍ॅलमिडा किंवा काँट्रा कोस्टात असाल तर ईस्ट बे, सॅन मटेओ किंवा सॅन फ्रान्सिस्कोत असाल तर गोल्डन गेट. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, एपिलेप्सी, बौद्धिक अपंगत्व आणि त्यासारखीच मदत लागणाऱ्या काही अवस्था इथे धरल्या जातात. अवस्था १८ वर्षांच्या आत सुरू झालेली आणि रोजच्या जगण्यात मोठी अडचण आणणारी असली पाहिजे. तिथे उत्पन्नाची अट नाही. फोन करून 'इनटेक', म्हणजे मुलाची पहिली नोंद आणि तपासणी, मागा आणि तेवढ्यावर न थांबता त्याच दिवशी ईमेलही टाका, म्हणजे तारीख लेखी राहते.

मूल क्लायंट झालं की सर्व्हिस कोऑर्डिनेटर मिळतो. त्याला स्पष्ट शब्दांत सांगा: "आम्हाला डीडी वेव्हर आणि त्यावर आधारित मेडी-कॅल हवं आहे." डीडी वेव्हर म्हणजे विकासात्मक अपंगत्वासाठी मेडी-कॅलच्या नेहमीच्या नियमांतून दिलेली सवलत. तिला मूल पात्र ठरलं की मेडी-कॅल ठरवताना आईबाबांचं उत्पन्न आणि मालमत्ता बाजूला ठेवली जाते, फक्त मुलाच्या नावावर काय आहे ते बघतात. याला ते 'इन्स्टिट्यूशनल डीमिंग' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. काउंटीच्या फोनवर नवखा कर्मचारी भेटला आणि तुमचा डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा कागद) मागू लागला, तर हा शब्द ऐकल्यावर तो फाइल योग्य माणसाकडे देतो.

इथे अनेकजण विचारतात की कंपनीचा विमा सोडावा लागेल का. मुळीच नाही. तो आधी लागतो, मेडी-कॅल त्याच्या मागे उभं राहतं.

अर्ज आणि डॉक्टरचा कागद

मेडी-कॅलचं काम चालू असतानाच आयएचएसएसचा अर्ज करून टाका, ते पूर्ण होण्याची वाट बघत बसू नका. अर्जाची तारीख महत्त्वाची असते, कारण मंजुरी उशिरा आली तरी हक्काची मोजणी त्या तारखेशी जोडलेली असते. अर्जाचा फॉर्म एसओसी २९५. बहुतेक काउंट्यांत फोनवरही अर्ज घेतात. फोन केलात तर समोरच्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवा.

मग एसओसी ८७३ येतो. घरी मदत मिळाली नाही तर मुलाला संस्थेत ठेवायची वेळ येऊ शकते, असं परवानाधारक डॉक्टर किंवा थेरपिस्टने त्यावर लिहून द्यायचं असतं. तो पोचल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. बालरोगतज्ज्ञाच्या ऑफिसात कागदांची थप्पी असते, म्हणून नुसता फॉर्म पाठवू नका. सोबत एक पान जोडा: निदान, मुलाला काय जमत नाही, कोणत्या गोष्टीत धोका आहे. डॉक्टर वर्षातून दोनदा पंधरा मिनिटं मुलाला बघतात. रात्री दोनला ते काय करतं हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं?

घरभेट: इथे आपले लोक मार खातात

सोशल वर्कर घरी येतो. त्याच्याकडे कामांची यादी असते: अंघोळ, कपडे, दात, जेवण भरवणं, जेवण बनवणं, शी-शू, चालणं, उचलून ठेवणं, डॉक्टरकडे नेणं. बहुतेक कामांत तो मुलाला १ ते ५ असा क्रमांक देतो. १ म्हणजे स्वतःचं स्वतः करतो, ५ म्हणजे सगळं दुसऱ्याने करायचं. त्या क्रमांकावरून आठवड्याचे मिनिट-तास ठरतात. लहान मुलांच्या बाबतीत त्या वयाच्या इतर मुलांना किती मदत लागते तेही वजा करून बघतात.

आणि आपण काय करतो? पाहुणा येणार म्हणून घर चकाचक आवरतो. चहा-बिस्किटं पुढे करतो. त्याने विचारलं की "जेवतो का स्वतः?" तर म्हणतो, "हो हो, जेवतो तसा." त्या 'तसा'मध्ये भाजी बारीक कुस्करणं, चमचा हातात धरून देणं, मध्ये चारदा टेबलावरून परत आणणं आणि घास घशात अडकतोय का हे बघत बसणं, एवढं सगळं दडलेलं असतं. ऐकणाऱ्याने मात्र २ लिहिलेले असतात. वर्षानुवर्षं नातेवाइकांपुढे, शाळेपुढे, सोसायटीपुढे आपण मुलाची बाजू सावरत आलेलो असतो. परक्यासमोर आपल्या लेकराचं उणं काढायचं नाही ही सवय अंगात मुरलेली असते. त्या एका तासापुरती ती बाजूला ठेवावी लागते. मूल खोलीत असेल तर दुसऱ्या पालकाने त्याला थोडा वेळ बाहेर न्यावं. त्याच्यासमोर हे बोलायला जीभ रेटत नाही, आणि ते बरोबरही नाही.

वाढवून मात्र काही सांगू नका. खोटं बोलणं गुन्हा तर आहेच, शिवाय गरज नाही. खरं आहे तेवढं पूर्ण सांगितलं तरी पुरतं. मिनिटांत सांगा. "अंघोळीला वेळ लागतो" याचा फॉर्मवर काही उपयोग नाही. "पाण्याला घाबरतो, बाथरूममध्ये न्यायलाच दहा मिनिटं, अंघोळ पंधरा, केस धुवायच्या दिवशी अजून दहा, आणि पूर्ण वेळ एकाने धरून ठेवावं लागतं" याचा होतो. चांगल्या दिवसाबरोबर वाईट दिवसही सांगा, आणि वाईट दिवस आठवड्यातून किती येतात तेही.

प्रोटेक्टिव्ह सुपरव्हिजन

जास्त तास इथे आहेत आणि जास्त नकारही इथेच येतात, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

ज्या व्यक्तीची स्मृती, स्थळकाळाचं भान किंवा धोका ओळखण्याची समज इतकी कमी आहे की तिच्यावर चोवीस तास कुणीतरी लक्ष ठेवलं नाही तर तिला इजा होईल, तिच्यासाठी ही सेवा असते. ऑटिझम किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या अनेक मुलांना ती लागू होते. मंजूर झाली तर साधारण १९५ तासांपासून सुरुवात होते आणि तीव्र गरजेत २८३ पर्यंत जाते. महिन्याला २८३ ही आयएचएसएसची एकूण कमाल मर्यादा आहे. यासाठी डॉक्टरकडून एसओसी ८२१ हा वेगळा फॉर्म भरून घ्यावा लागतो, आणि चोवीस तास मुलाजवळ कोण असतं याचा आराखडा द्यावा लागतो. शाळेतले तास त्यात शाळेच्या खात्यावर जातात.

काउंटीचे तीन ठरलेले आक्षेप असतात. पहिला: "लहान मुलांवर सगळेच लक्ष ठेवतात." वय लहान आहे एवढ्यावर नाकारता येत नाही. त्याच वयाच्या मुलापेक्षा याला जास्त लक्ष लागतं का, हा खरा प्रश्न. सात वर्षांचं इतर मूल शेजारच्या खोलीत अर्धा तास खेळत बसतं, तुमचं बसतं का? दुसरा आक्षेप: "आजवर काही इजा झालेली दिसत नाही." झाली नाही, कारण तुम्ही दर वेळी वेळेत पोचलात. थोडक्यात टळलेले प्रसंग म्हणूनच लिहून ठेवायचे. तिसरा: "हे आक्रमक वागणं आहे." रागाने किंवा मुद्दाम केलेलं वागणं या सेवेत बसत नाही, धोका न कळल्यामुळे होणारं बसतं. मूल खिडकीवर चढतं तेव्हा खाली पडू शकतो हे त्याला कळतं का, ते सांगा.

याला एकच औषध आहे, रोजची वही. दोन-तीन आठवड्यांची पुरते. "आज खूप त्रास दिला" अशी नोंद वाया जाते. अशी लिहा:

"मंगळवार, संध्याकाळी ६:४०. खुर्ची ओढून पुढच्या दाराची वरची कडी काढली. अलार्म वाजला म्हणून मी स्वयंपाकघरातून धावले. तो फुटपाथ ओलांडून रस्त्यावर उतरला होता. गाडी हॉर्न वाजवत होती, त्याने वळूनही बघितलं नाही. हाताला धरून आत आणला. पाच मिनिटांनी पुन्हा दाराकडे."

वेळ, त्याने काय केलं, काय होऊ शकलं असतं, कुणी कसं थांबवलं, त्याला धोका कळला का. एवढं आलं की नोंद झाली. दाराचे अलार्म, वरच्या कड्या, शेगडीच्या बटणांवरची झाकणं हे सगळं सोशल वर्करला दाखवा, आणि ती असूनही काय होतं तेही सांगा. नाहीतर "कुलूप लावलंय, मग धोका कसला" असा निष्कर्ष निघतो. शाळेच्या आयईपीमध्ये (विशेष शिक्षणाच्या वैयक्तिक आराखड्यात) 'पळून जाणे' किंवा 'सुरक्षेची जाणीव नाही' असं काही लिहिलेलं असेल तर ते पान जोडा.

नोटीस आली की

निर्णय नोटीस ऑफ अ‍ॅक्शन म्हणून टपालाने येतो. त्यात प्रत्येक कामापुढे तास असतात. घाईत फक्त शेवटची बेरीज बघू नका, ओळन्‌ओळ वहीशी ताडून बघा. पटलं नाही तर ९० दिवसांच्या आत स्टेट हिअरिंग, म्हणजे राज्यापुढची सुनावणी, मागता येतं. त्याला पैसे पडत नाहीत, वकील लागतोच असं नाही, आणि दुभाषा हवा असेल तर मागता येतो. चालू असलेले तास कमी केल्याची नोटीस असेल तर घड्याळ वेगळं चालतं: कपात लागू व्हायच्या तारखेआधी हिअरिंग मागितलं तर निकाल लागेपर्यंत जुनेच तास चालू राहतात. म्हणून ते पाकीट आलं त्याच दिवशी उघडा.

हिअरिंग हा शब्द ऐकून आपली माणसं गारठतात. कोर्टकचेरी नको रे बाबा. प्रत्यक्षात ते बहुधा फोनवर होतं, एक न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकतो, आणि पहिल्या नकारानंतर मिळालेली मंजुरी इथे नवलाची नाही. डिसॅबिलिटी राइट्स कॅलिफोर्निया ही संस्था मोफत सल्ला देते आणि आयएचएसएसवरच्या तिच्या पुस्तिका वाचण्यासारख्या आहेत.

आईबाबा प्रोव्हायडर होताना

जुन्या लेखांत वाचाल की मुलासाठी पूर्ण वेळ नोकरी सोडलेल्या पालकालाच पैसे मिळतात. ती अट पूर्वी होती. २०२३ च्या कायद्याने पालकांवरची ही बंधनं हटवायचा मार्ग काढला. म्हणून इंटरनेटवरचा सल्ला वाचताना त्याची तारीख बघा, आणि आजचा नियम काउंटीकडून लेखी घ्या. एक मात्र कायम आहे: १८ वर्षांखालच्या मुलासाठी झाडू-पोछा असल्या घरसफाईचे तास मिळत नाहीत.

नोंदणीसाठी ओरिएंटेशन करायचं, एसओसी ४२६ आणि ८४६ हे फॉर्म भरायचे, मूळ सोशल सिक्युरिटी कार्ड आणि ओळखपत्र दाखवायचं आणि बोटांचे ठसे द्यायचे. ठशांचा खर्च स्वतःचा. मुलाच्या बाजूने एसओसी ४२६ए भरून तुम्हाला नेमावं लागतं. हे सगळं तासांची मंजुरी यायच्या आधीच सुरू करता येतं, आणि करावं.

टाइमशीट महिन्यातून दोनदा, १ ते १५ आणि १६ ते महिनाअखेर, पोर्टलवर किंवा फोनवर भरतात. आठवडा रविवारी सुरू होतो. ४० तासांच्या वर दीडपट दर. मंजूर मासिक तासांना ४ ने भागलं की आठवड्याची मर्यादा मिळते. २८३ तासांवाल्यासाठी ती ७० तास ४५ मिनिटं. मर्यादा वारंवार मोडली तर आधी इशारा येतो आणि पुढे काम काही काळ बंदही होतं. मूल हॉस्पिटलात दाखल असेल त्या दिवसांचे तास लावायचे नाहीत. भारतवारीला जायच्या आधी सोशल वर्करला कळवा आणि देशाबाहेरच्या दिवसांचे तास आपल्या मनाने भरू नका.

टॅक्स, आणि लोक विसरतात ती बाजू

मुलाबरोबर एकाच घरात राहत असाल तर एसओसी २२९८ हा साधा एकपानी फॉर्म भरा. आयआरएसच्या (केंद्रीय कर खात्याच्या) २०१४-७ क्रमांकाच्या नोटीसप्रमाणे अशा पगारावर फेडरल इन्कम टॅक्स लागत नाही, राज्याचाही नाही. फॉर्म दिला नाही तर पगार करपात्र धरून डब्ल्यू-२ येतो आणि मग सीएशी मेल-मेल खेळत बसावं लागतं. याच फॉर्ममुळे, घरातच राहणारा प्रोव्हायडर म्हणून, रोजच्या चेक-इन, चेक-आउटमधूनही सुटका होते.

दुसरी बाजू अशी. मुलासाठी काम करणाऱ्या आईवडिलांच्या या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापलं जात नाही. ऐकायला बरं वाटतं, पण त्यामुळे निवृत्तीसाठी लागणारी क्रेडिट्स जमा होत नाहीत. नवरा-बायको एकमेकांचे प्रोव्हायडर असतील तरी तेच. बेकारी भत्त्याचं संरक्षणही नाही. आईने चांगली नोकरी सोडून फक्त यावर यायचं ठरवलं, तर तिची ४० क्रेडिट्स झाली आहेत का हे आधी बघा. नसतील तर अर्धवेळ का होईना, बाहेरची नोकरी चालू ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं. घरातल्या बाईच्या म्हातारपणाचा हिशोब आपल्याकडे नेहमीच सगळ्यात शेवटी होतो.

दर वर्षी

पुनर्मूल्यांकन साधारण वर्षाने होतं. त्यासाठी वही पूर्ण वर्ष लिहायची गरज नाही, पण भेटीच्या महिनाभर आधी पुन्हा सुरू करा. पत्ता, शाळेचे तास, औषधं बदलली तर दहा दिवसांत कळवा. मेडी-कॅलचं वार्षिक नूतनीकरण वेगळं येतं. ते पाकीट जाहिरातीच्या ढिगात गेलं आणि मेडी-कॅल बंद पडलं, तर आयएचएसएसही त्याबरोबर थांबतं.

मूल १८ चं झालं की ते कायद्याने सज्ञान. मूल्यांकन प्रौढ म्हणून होतं, घरसफाईचे तासही मागता येतात, आणि सही कुणी करायची हा प्रश्न नव्याने येतो. त्याची तयारी सतराव्या वर्षीच सर्व्हिस कोऑर्डिनेटरबरोबर बसून सुरू करा, कारण एसएसआयचा (कमी उत्पन्नाच्या अपंग व्यक्तीला मिळणाऱ्या केंद्र सरकारच्या मासिक मदतीचा) अर्जही त्याच सुमारास करायचा असतो आणि दोन्हीकडे कागद जवळजवळ तेच लागतात.